संवादी संकेतस्थळांची उभारणी : अभ्यासाचा क्रम आणि साधने

संकेतस्थळ म्हणजे केवळ वाचावयाचे पान, ही कल्पना आता मागे पडली आहे. दाखल्यासाठी अर्ज करणे, परीक्षेचे शुल्क भरणे, जमिनीचा उतारा पाहणे, ग्रंथालयातील पुस्तक राखून ठेवणे अशी कितीतरी कामे संकेतस्थळाच्या पडद्यावरून होतात. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित केलेल्या सेवांसाठी ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. अशा संकेतस्थळाचे पान हे एका अर्थी कार्यालयाची खिडकीच होय. खिडकीत अर्ज दिला, की तो तपासला जावा, नोंदवहीत चढावा आणि त्याची पोच मिळावी, ही नागरिकाची साधी अपेक्षा असते. ती पूर्ण करणारे संवादी संकेतस्थळ कसे उभारावे, हे शिकू इच्छिणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. मात्र शिक्षणाचा प्रारंभ कोठून करावा, याविषयी त्यांच्यात बराच संभ्रम आढळतो. अनेक जण नव्या, आकर्षक साधनापासून सुरुवात करतात आणि पाया कच्चा ठेवतात. त्याचा भुर्दंड पुढे अर्जदाराला सोसावा लागतो.

पानाकडून व्यवहाराकडे

जिनिव्हानजीकच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. आरंभीची पाने केवळ वाचनासाठी होती. पुढे पानावर अर्ज, म्हणजेच ‘फॉर्म’, आला आणि वाचकाला काही लिहून पाठविता येऊ लागले. १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. त्यामुळे पानावर घडणाऱ्या कृतीला ब्राउझरमध्येच प्रतिसाद देणे शक्य झाले. १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ या ब्राउझरमध्ये, संपूर्ण पान पुन्हा न मागविता सर्व्हरकडून थोडीच माहिती आणण्याची सोय आली. २००४ मधील जीमेल आणि २००५ मधील गूगल मॅप्स यांनी या तंत्राचे सामर्थ्य जगाला दाखविले. २००५ मध्येच जेसी जेम्स गॅरेट यांनी त्याला ‘अजॅक्स’ हे नाव दिले.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. संवादाचा मूळ गाभा फॉर्म आणि सर्व्हर यांच्यामधील देवाणघेवाण हा आहे. जावास्क्रिप्टने ती देवाणघेवाण वेगवान व सुखकर केली. अभ्यासाचा क्रमही असाच असावा : आधी फॉर्म, मग सर्व्हर, त्यानंतर जावास्क्रिप्ट आणि सर्वांत शेवटी तयार आराखडे.

पहिली पायरी : फॉर्म

सरावासाठी एक छोटा प्रकल्प हाती घ्यावा. तालुक्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी पुस्तक राखून ठेवण्याची सोय करावयाची आहे, असे समजू या. वाचकाचे नाव, सभासद क्रमांक आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक एवढी माहिती पुरेशी आहे.

हा फॉर्म प्रथम केवळ एचटीएमएलमध्ये लिहावा. एचटीएमएल पानाची रचना सांगते, सीएसएस त्याचे दृश्य रूप ठरविते आणि जावास्क्रिप्ट त्याला वर्तन देते. या तिन्हींची कामे वेगवेगळी ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. प्रत्येक रकान्याला त्याचे नाव ‘लेबल’ या खुणेने जोडावे. असे केल्याने पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला रकान्याचे नाव उच्चारता येते आणि दृष्टिहीन वाचकाला कोणाच्या मदतीवाचून फॉर्म भरता येतो. लहान मोबाइलवर बोटाने नेमका रकाना गाठणेही सोपे जाते. पाठविण्याच्या कृतीसाठी खरे ‘बटन’ वापरावे. चौकोनाला रंग देऊन बटनाचा आभास निर्माण केल्यास कळफलकावरून काम करणाऱ्याची अडचण होते.

दुसरी पायरी : सर्व्हर हाच अंतिम निर्णायक

भरलेला फॉर्म सर्व्हरकडे जातो. माहिती केवळ मागवावयाची असेल तेव्हा ‘गेट’ आणि नोंदीत बदल करावयाचा असेल तेव्हा ‘पोस्ट’ ही पद्धत वापरावी. पुस्तकांचा शोध हे पहिल्याचे, तर पुस्तक राखून ठेवणे हे दुसऱ्याचे उदाहरण होय.

येथे एक नियम कायम ध्यानात ठेवावा : ब्राउझरकडून आलेल्या कोणत्याही माहितीवर सर्व्हरने विश्वास ठेवू नये. पानावरील तपासणी ही अर्जदाराची सोय असते. ती कोणालाही सहज टाळता येते. म्हणून सभासद क्रमांक अस्तित्वात आहे काय, पुस्तक खरोखर उपलब्ध आहे काय, याची तपासणी सर्व्हरवर पुन्हा झालीच पाहिजे. आलेला मजकूर माहितीसाठ्याच्या प्रश्नवाक्यात थेट जोडू नये. मूल्ये स्वतंत्रपणे देण्याची जी सुरक्षित पद्धत प्रत्येक भाषेत उपलब्ध आहे, तीच वापरावी. तसे न केल्यास नावाच्या रकान्यातून कोणी आज्ञा धाडून सारी नोंदवही वाचू शकेल किंवा पुसून टाकू शकेल. वाचकाने लिहिलेला मजकूर पानावर दाखवितानाही त्यातील खुणा निष्प्रभ कराव्यात. अन्यथा एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू लागेल.

एकच प्रत दोन वाचकांनी एकाच क्षणी मागितली, तर काय होईल? ‘प्रत आहे काय’ हे पाहणे आणि ती नोंदविणे या दोन कृतींमध्ये क्षणाचे अंतर राहिले, तरी दोघांनाही होकार जाऊ शकतो. यास्तव एका प्रतीची एकच चालू नोंद राहील, असे बंधन माहितीसाठ्यातच घालावे. हा दोष सरावात सहसा दिसत नाही, कारण शिकणारा एकटाच असतो. प्रत्यक्ष वापरात, विशेषतः अर्जाच्या अंतिम दिनांकास, तो हटकून डोके वर काढतो.

पोच आणि क्षीण जोडणी

डोंगराळ भागात, एस.टी.च्या प्रवासात किंवा गर्दीच्या वेळी जोडणी मध्येच तुटते. अर्जदाराने बटन दाबले, सर्व्हरने नोंदही केली, पण उत्तर परत येण्यापूर्वी जोडणी गेली, तर त्याला काहीच कळत नाही. तो पुन्हा बटन दाबतो आणि दोन नोंदी होतात. शुल्काचा व्यवहार असेल, तर पैसे दोनदा जाण्याचा धोका संभवतो.

यावरील उपाय कार्यालयीन पद्धतीसारखाच आहे. फॉर्म देतानाच त्यावर एक अनन्य क्रमांक घालावा. त्या क्रमांकाचा अर्ज दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने नवी नोंद करू नये, पहिल्या नोंदीची पोच पुन्हा द्यावी. नोंद झाल्यावर अर्जदाराला पोचेच्या स्वतंत्र पानाकडे वळवावे. असे केल्यास पान ताजे केले तरी अर्ज पुन्हा पाठविला जात नाही. अर्जात चूक आढळल्यास भरलेली माहिती तशीच ठेवून केवळ चुकीच्या रकान्याजवळ नेमका संदेश द्यावा. वीस रकाने भरून झाल्यावर कोरा फॉर्म समोर येणे, यासारखा मनस्ताप नाही. मजुरी बुडवून अर्ज भरावयास आलेल्या माणसाचा त्यात अर्धा दिवस जातो.

तिसरी पायरी : जावास्क्रिप्ट

एवढे काम झाल्यावर फॉर्म जावास्क्रिप्टवाचूनही चालतो. आता त्याला गती द्यावी. पुस्तकाचे नाव टंकित करताच जुळणारी नावे खाली दिसावीत, प्रत उपलब्ध नसल्यास अर्ज पाठविण्यापूर्वीच कळावे, अशा सोयी जोडाव्यात. यासाठी तीन विषयांचा क्रमाने अभ्यास करावा : पानाचा वृक्षरूप आराखडा, घटना आणि त्यांना दिलेला प्रतिसाद, आणि उत्तराची वाट पाहत असताना पान गोठू न देणारी असमकालिक पद्धत.

आजच्या ब्राउझरमध्ये माहिती मागविण्यासाठी ‘फेच’ ही सोय आहे. सर्व्हरने ‘सापडले नाही’ किंवा ‘अंतर्गत दोष’ असे उत्तर दिले, तरी ‘फेच’ ते अपयश मानत नाही. उत्तर आले, एवढेच ती सांगते. उत्तराची स्थिती स्वतंत्रपणे तपासावी लागते. ही तपासणी विसरल्यास अर्ज फेटाळला गेला असतानाही पडद्यावर ‘नोंद झाली’ असे झळकते, आणि खोटी पोच ही पोच न मिळण्याहून अधिक घातक असते.

मराठी मजकुराची कसोटी

तंत्रविषयक बहुतेक पाठ इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेले असतात. त्यामुळे मराठीतील अडचणी विद्यार्थ्याला स्वतःच पारखाव्या लागतात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. वाचकाच्या दृष्टीने त्यात चार अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र व्यंजने, काना, मात्रा व हलन्त मिळून ती १० चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठविताना ३० बाइट लागतात. नावासाठी २० बाइटांची मर्यादा घातल्यास हे साधे नावही अपुरे साठेल किंवा फेटाळले जाईल.

अंकांची गोष्टही अशीच आहे. ‘१२’ हा अंक देवनागरीत लिहिल्यास जावास्क्रिप्टची नेहमीची रूपांतर-क्रिया तो अंक मानत नाही. पायथॉन ही भाषा मात्र तोच अंक बिनतक्रार स्वीकारते. म्हणजे पान नाकारते आणि सर्व्हर स्वीकारतो, अशी विसंगती उद्भवते. देवनागरी अंक आधी समान रूपात आणावेत व नंतर तपासावेत. ‘ऱ’ हे अक्षरही दोन प्रकारे साठविले जाऊ शकते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न असतात. परिणामी ‘कऱ्हाड’चा शोध घेतला असता नोंद असूनही ती सापडत नाही. साठविण्यापूर्वी मजकुराचे प्रमाणीकरण करणे हा त्यावरील उपाय होय. यादीचा क्रमही पाहावा. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘व’च्या आधी येते, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते.

साधने : कायमची आणि तात्पुरती

या अभ्यासासाठी खर्चिक सामग्रीची गरज नाही. साधा संगणक, मजकूर लिहिण्याचा संपादक आणि ब्राउझर एवढ्यावर सुरुवात होते. ब्राउझरमध्येच विकासकांसाठी तपासणीची साधने अंतर्भूत असतात. त्यांच्या साहाय्याने पानाची रचना पाहता येते, सर्व्हरकडे काय गेले व काय परत आले हे तपासता येते आणि जोडणीचा वेग मुद्दाम कमी करून पान कसे वागते, हेही अनुभवता येते. सर्व्हरच्या अभ्यासासाठी पायथॉन, पीएचपी किंवा नोड यांपैकी एकच निवडून त्यावर स्थिर राहावे. माहितीसाठ्यासाठी एसक्यूलाइट पुरेसे आहे. केलेल्या बदलांचा इतिहास राखण्यासाठी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेले ‘गिट’ शिकून घ्यावे. ही सर्व साधने विनामूल्य मिळतात.

रिॲक्ट, व्ह्यू यांसारख्या तयार आराखड्यांचा क्रम यानंतर येतो. मोठ्या प्रकल्पांत त्यांचा उपयोग निर्विवाद आहे आणि नोकरीसाठीही त्यांचे ज्ञान मागितले जाते. परंतु साधनांचे आयुष्य मर्यादित असते. एके काळी संवादी पानांसाठी सर्वत्र वापरल्या गेलेल्या फ्लॅशचा आधार ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. २०१० मध्ये पुढे आलेल्या अँग्युलरजेएसला मिळणारा अधिकृत पाठिंबा २०२१ च्या अखेरीस संपला. केवळ ही साधने शिकलेल्यांना नव्याने आरंभ करावा लागला. याउलट, एचटीएमएलमध्ये लिहिलेली १९९० च्या दशकातील साधी पाने आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. पाया जाणणाऱ्याला नवा आराखडा आत्मसात करण्यास फार काळ लागत नाही. आराखडाच पाया समजणाऱ्याची मात्र प्रत्येक बदलाबरोबर ओढाताण होते.

अखेरची परीक्षा

प्रकल्प पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने त्याची पाच प्रकारे परीक्षा घ्यावी. जावास्क्रिप्ट बंद करून फॉर्म पाठवून पाहावा. जोडणी अत्यंत मंद करून बटन दोनदा दाबावे. माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकावर सर्व काम करून पाहावे. सर्व रकाने मराठीत, देवनागरी अंकांसह भरावेत. शेवटी, संगणकाची फारशी सवय नसलेल्या एखाद्या व्यक्तीला फॉर्म भरावयास सांगावे आणि मध्ये न बोलता, ती कोठे अडते, हे टिपून घ्यावे. पहिल्या चार परीक्षांत आज्ञावलीतील दोष उघड होतात. पाचवीत रचनाकाराच्या गृहीतकांतील दोष दिसतात.

संवादी संकेतस्थळाचे यश त्याच्या पडद्यावरील झगमगाटावर मोजता येत नाही. तुटक जोडणीवर, जुन्या मोबाइलवरून, आपल्या भाषेत भरलेला अर्ज योग्य ठिकाणी पोहोचला आणि त्याची खरी पोच अर्जदाराच्या हाती पडली, तर ती खिडकी खऱ्या अर्थाने उघडी आहे, असे म्हणता येईल. हे कौशल्य मिळविण्यास महागडी सामग्री लागत नाही. योग्य क्रमाने केलेला अभ्यास आणि खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाची जाणीव या दोन गोष्टी मात्र अनिवार्य आहेत.