वर्कबेंचचा खालचा भाग: स्टोरेजसकट पाया कसा बांधायचा आणि त्याचा हिशोब कसा मांडायचा

घरच्या घरी लाकडी वस्तू बनवून विकायचं ठरवलेले बरेच जण आधी मशिनं घेतात. जिगसॉ, राउटर, सॅंडर सगळं येतं, आणि काम मात्र जुन्या डायनिंग टेबलावर चालतं. टेबल हलतं, कट वाकडा जातो, आणि पटाशी कुठे ठेवली ते सापडत नाही. म्हणून आजच्या धड्यात बेंचच्या वरच्या फळीपेक्षा तिच्या खालच्या भागावर जास्त बोलू. खाली केलेलं स्टोरेज दोन कामं करतं. हत्यारं हाताशी राहतात, आणि त्यांच्याच वजनाने बेंच जमिनीला धरून बसतो. रंधा मारताना बेंच सरकत नाही.

आधी तीन मापं

पहिलं माप उंचीचं. चप्पल-बूट घालून सरळ उभे राहा, हात खाली सोडा आणि तळवा जमिनीला समांतर धरा. तळव्याची जमिनीपासूनची उंची रंधा आणि करवतीच्या कामाला सोयीची असते. फक्त मशिनची आणि जुळणीची कामं करणार असाल तर थोडा उंच बेंच चालतो. आपण ८५० मिमी धरून चाललोय, तुम्ही तुमचं माप घाला.

दुसरं माप जागेचं. बेंचच्या पुढे निदान ३ फूट मोकळे हवेत, नाहीतर ड्रॉवर पूर्ण उघडून पुढे उभं राहता येत नाही.

तिसरं माप दाराचं आणि जिन्याचं. पुण्यात बरेच जण भाड्याच्या जागेत सुरुवात करतात. अकरा महिन्यांनी जागा बदलली तर बेंच टेम्पोत जायला हवा. म्हणून पाया सुटा होणारा करायचा.

एका शीटमध्ये किती बसतं?

प्लायची पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. जाडी १८ मिमी घ्या, बाजारात तिला पाऊण इंची म्हणतात. करवतीच्या पात्यात प्रत्येक कटला साधारण ३ मिमी जातात, ते धरूनच कटिंग लिहा.

१. शीट लांबीत मधोमध कापा. सुमारे ६०८ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतील.
२. प्रत्येक पट्टीतून १५२५ मिमीचा एक तुकडा काढा. हे दोन तुकडे एकमेकांवर फेविकॉल आणि स्क्रूने बसवले की ३६ मिमी जाड टॉप तयार.
३. उरलेले दोन तुकडे साधारण ९१२ बाय ६०८ चे आहेत. प्रत्येकाचे ४५० मिमीचे दोन भाग करा आणि खोली ५८० मिमीला कापून घ्या. एकाच मापाचे चार तुकडे झाले.
४. दोन तुकडे उभे, दोन त्यांच्यामध्ये आडवे. मागे ६ मिमी प्लाय लावला की ड्रॉवरचा खोका तयार.

म्हणजे १८ मिमीच्या एकाच शीटमध्ये टॉप आणि खोका दोन्ही निघतात. कटिंगचा कागद आधी तयार असेल तर दुसरी शीट आणावी लागत नाही. माल दुकानातून निघण्याआधीच नफा वाचतो तो असा.

प्लाय घेताना शिक्का बघा. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाण्यात टिकणारा नव्हे. खोलीत ठेवायचा बेंच असेल तर तो चालतो. गॅलरीत किंवा पार्किंगला लागून बसणार असाल आणि पावसाचे शिंतोडे येत असतील तर वॉटरप्रूफ प्रतीचा घ्या.

लाकडी चौकट

खोका वजन पेलणार नाही, वजन चौकट पेलणार. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. चार पाय ७५ बाय ७५ मिमीचे, लांबी ८१४. टॉपचे ३६ मिळवले की ८५० होतात. आडव्या पट्ट्या १०० बाय ५० च्या. दोन्ही बाजूंना वर-खाली मिळून चार छोट्या पट्ट्या. लांबीत खाली पुढे-मागे दोन, आणि वर फक्त मागे एक. खालच्या पट्ट्या जमिनीपासून १०० मिमी वर ठेवा म्हणजे झाडू आत जातो.

बाजूच्या दोन चौकटी सांधा करून पक्क्या चिकटवा. लांबीच्या पट्ट्या मात्र १० मिमीच्या बोल्टने जोडा. पट्टीच्या टोकाजवळ आडवं भोक पाडून त्यात नट बसवायचा, बोल्ट पायातून आत येतो, आणि बाहेर मोठा वॉशर लावायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, म्हणून वर्षातून दोनदा बोल्ट आवळा. पायांचा पुढचा भाग टॉपच्या कडेशी सपाट जुळवा. मोठं दार किंवा फळी उभी धरून क्लॅम्प लावायला तीच भिंत उपयोगी पडते.

या सगळ्याला साधारण २ घनफूट लाकूड लागतं, वाया जाणारं धरून सव्वादोन सांगा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दोन-तीन वखारी फिरून घनफुटाचा भाव विचारा. बोल्ट, चॅनेल आणि बाकी हार्डवेअरसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच.

चाकण-भोसरीकडून येणाऱ्या पॅकिंगच्या जुन्या पाइनवरही चौकट होते आणि खर्च कमी येतो. फक्त लाकडावरचा शिक्का वाचा. 'एचटी' असेल तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. रंधा मारण्याआधी लपलेले खिळे काढा, नाहीतर पातं गेलंच समजा.

खोका कुठे बसवायचा?

खोका खालच्या पट्ट्यांवर एका बाजूला ठेवा आणि स्क्रूने धरा. पट्ट्यांची वरची कड जमिनीपासून २०० मिमीवर आहे, खोका ४५० उंच. म्हणजे टॉपच्या खाली १६४ मिमी, सुमारे साडेसहा इंच, मोकळे राहतात. ही जागा भरायचा मोह होईल. भरू नका! टॉपच्या कडेला क्लॅम्प लावायला हात तिथूनच जातो.

ड्रॉवरच्या चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण १२.५ मिमी जागा लागते. खोक्याची आतली रुंदी ४५०, म्हणून ड्रॉवर बाहेरून ४२५ चा. लांबी ५०० मिमीच्या चॅनेलला बसेल अशी. तीन ड्रॉवर करा:

- वरचा ३ इंची: गुण्या, टेप, पेन्सिल, पटाश्या. दिवसातून दहादा लागणारं.
- मधला ४ इंची: ड्रिल बिट, स्क्रू, सॅंडपेपर.
- खालचा ७ इंची: ड्रिल, जिगसॉ अशी जड मशिनं. चॅनेलवर लिहिलेली वजनाची मर्यादा बघूनच घ्या.

उरलेल्या मोकळ्या भागात खाली फळ्या टाकून सर्क्युलर सॉ आणि मोठे क्लॅम्प ठेवा. पायांखाली रबराचे तुकडे लावा, कंपनं खालच्या फ्लॅटपर्यंत जात नाहीत. कायद्याने रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, त्यामुळे मशिनची कामं दिवसा उरका. शेजारी नाराज झाले तर घरचा धंदा चालत नाही.

आता हिशोब

समजा बेंचला सगळं मिळून १८,००० रुपये लागले. पाच वर्षं वापरायचा, म्हणजे ६० महिने, महिन्याला ३०० रुपये. महिन्याला १० ऑर्डर करत असाल तर प्रत्येक वस्तूच्या किमतीत ३० रुपये बेंचचे धरायलाच हवेत. हे ३० रुपये न धरता विकणारा माणूस पाच वर्षांनी नवा बेंच खिशातून घेतो आणि म्हणतो, "धंद्यात काही उरत नाही."

आता स्टोरेजचं बघा. त्या १८,००० पैकी खोका, ड्रॉवर आणि चॅनेलचे ६,००० धरू. हत्यारं शोधण्यात दिवसाला २० मिनिटं जात असतील तर २५ दिवसांत ५०० मिनिटं जातात. म्हणजे ८ तास २० मिनिटं, महिन्यातला एक पूर्ण कामाचा दिवस! तुमच्या तासाचा भाव १५० रुपये धरला तर १,२५० रुपये. म्हणजे स्टोरेजचे पैसे पाच महिन्यांच्या आत वसूल होतात. अट एकच, वाचलेल्या वेळात काम करायचं, मोबाईल नाही.

सरकारी मदतीबद्दल बरेच जण विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यात सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. पात्रता आणि सध्याची स्थिती जवळच्या सीएससी केंद्रात विचारा. पण व्हाउचर हत्यारांसाठी आहे, बेंच आपल्याच पैशांतून होणार, म्हणून त्याची वाट बघत थांबू नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

लाकूड आणायला लगेच जाऊ नका. आधी तीन दिवस एक वही जवळ ठेवा. कोणतं हत्यार किती वेळा उचललं आणि शोधायला किती मिनिटं गेली, एवढंच लिहा. चौथ्या दिवशी त्या यादीवरून ड्रॉवरची मापं ठरवा, कटिंगचा कागद काढा आणि मग टिंबर मार्केटला जा. माझी मापं सुरुवातीला कामाला येतील, पण तुमचा बेंच तुमच्या वहीतूनच निघायला हवा.