चित्रकलेचा तास : पांढरे फूल आणि त्याभोवतीचा रंग

शाळेच्या कुंपणाशी तगर फुललेली असते. ते फूल रंगवावयास सांगितले की चौथीतील एखादा मुलगा हमखास विचारतो, "गुरुजी, पांढऱ्या कागदावर पांढरे फूल दिसणार कसे?" पुष्कळदा त्याच्या हाती पांढरा रंग दिला जातो, तो शेजारच्या हिरव्यात मिसळून मळकट होतो, आणि आपणास चित्रकला येत नाही असा मुलाचा कायमचा ग्रह होऊन बसतो. वस्तुतः त्याचा प्रश्न अचूक असतो. फूल रंगवावयाचेच नसते. त्याच्या मागचा काळोख रंगवावयाचा असतो.

प्रथम पाटीवर अभ्यास द्यावा. खडू आडवा धरून फुलाभोवतीची जागा भरावी व फूल काळेच राहू द्यावे. यास खर्च नाही, आणि मोकळ्या जागेलाही आकार असतो हे मुलास हातानेच उमगते. तगरीच्या पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एका अंगास वळलेल्या असतात. ते वळण मधल्या फटींत अधिक स्पष्ट दिसते.

कागदावर पुसट रेघेने फूल काढून ते कोरडे ठेवावे व भोवती पुष्कळ पाण्यात कालविलेला पिवळसर हिरवा रंग द्यावा. तो वाळल्यावर काही पाने रेखून, तीही सोडून, उरलेल्या जागेत अधिक गडद हिरवा थर द्यावा. तिसऱ्या थरात थोडा निळा मिसळून केवळ देठांमधील व पानांमागील फटी भराव्यात. प्रत्येक थराची जागा आधीच्याहून कमी होत जाते, हे या पद्धतीचे मर्म होय. थर पारदर्शक असल्याने खालचा रंग वरच्यातून दिसतो.

खरी अडचण धीराची आहे. जलरंगातील डिंक वाळल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळतो. म्हणून खालचा थर पुरता वाळलेला हवा, आणि वरचा थर न घासता एकदाच द्यावा. हाताची मागील बाजू कागदास लावून पाहावी; गार लागल्यास ओल आहे असे समजावे. पावसाळ्यात दिवसास एकच थर बरा. मोठ्या वर्गात रोज दहा मिनिटांचे काम वेळापत्रकासही सोसते.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील सा. ल. हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगातीलच आहे. त्याची प्रत मिळाल्यास, दिव्याचा उजेड भोवतीच्या अंधारामुळे कसा जाणवतो, हे मुलांस पाहू द्यावे.

शेवटी फुलाच्या मध्यभागी किंचित पिवळा आणि सावलीकडील पाकळ्यांवर अत्यंत फिका निळा हात फिरवावा. फुलाच्या कडेत चुकून रंग शिरल्यास स्वच्छ ओल्या कुंचल्याने तो लगेच टिपून घ्यावा. पांढऱ्या रंगाची डबी मात्र उघडू नये.