माऊसला विश्रांती : की-बोर्ड लाँचर कसा निवडावा?

हॉस्टेलमधल्या कुठल्याही रूममध्ये जा आणि कम्प्युटरच्या डेस्कटॉपकडे बघा. वॉलपेपर दिसतच नाही, सगळीकडे आयकॉनच आयकॉन! 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'रिपोर्ट फायनल', 'रिपोर्ट फायनल नवीन'. सबमिशनच्या आदल्या रात्री यातली नेमकी फाइल कुठं आहे हे शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एक युनिट वाचून होतं. यावर फुकटात मिळणारा एक चांगला उपाय आहे. त्याचं नाव लाँचर.

लाँचर म्हणजे काय?

दोन बटणं एकदम दाबायची, उदाहरणार्थ अल्ट आणि स्पेस. स्क्रीनच्या मध्यभागी एक छोटी पट्टी येते. त्यात प्रोग्रामच्या किंवा फाइलच्या नावाची दोन-चार अक्षरं टाइप करायची आणि एंटर मारायचा. बस्स! हात की-बोर्डवरून उचलावा लागत नाही.

ही कल्पना जुनीच आहे. मॅकवर २००३ मध्ये 'क्विकसिल्व्हर' आला. २००५ मध्ये ॲपलने 'स्पॉटलाइट' थेट सिस्टिममध्येच दिला. विंडोजवाल्यांसाठी 'लाँची' होता. २००४ मध्ये आलेला 'गूगल डेस्कटॉप' बराच गाजला आणि २०११ मध्ये बंदही झाला. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजच्या स्टार्ट मेनूतच शोधायची पट्टी आली.

आता कोणी म्हणेल, "काऊन बे, माऊस हाये ना तुयापाशी!" बरोबर आहे. हिशेब करून बघा. दिवसातून ४० वेळा काही उघडलं आणि दरवेळी ८ सेकंद वाचले असं धरलं, तर होतात ३२० सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटंसुद्धा नाहीत. नुसत्या वेगासाठी एवढा खटाटोप नको. खरा फायदा आहे तो फाइल सापडण्याचा. म्हणून लाँचर निवडताना तो किती झटपट उघडतो किंवा किती छान दिसतो हे नंतर बघा. आधी विचारा, हा कोणती नोंदवही वाचतो?

सातबारा आणि फेरफार

आपल्यापैकी बरेच जण शेतकरी घरातले आहेत, म्हणून हे उदाहरण देतो. शेत कोणाच्या नावावर आहे हे बघायला कोणी प्रत्येक बांधावर फिरत नाही, सातबारा बघतात. कम्प्युटरचा इंडेक्स म्हणजे हाच सातबारा. प्रत्येक लाँचर आपल्याला वाटतं तसा पूर्ण डिस्क धुंडाळत नाही, तो एखाद्या इंडेक्समध्ये बघतो. ज्याची नोंद त्यात नाही, ते सापडत नाही. इंडेक्सचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

१. विंडोजचा स्वतःचा इंडेक्स : हा फाइलच्या नावाबरोबर आतला मजकूरही नोंदवतो, हा त्याचा मोठा गुण. पण विंडोज १० आणि ११ मध्ये 'क्लासिक' सेटिंग असेल, तर तो मुख्यतः डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डेस्कटॉप एवढंच बघतो. आपण तर सगळं 'डी' ड्राइव्हमध्ये ठेवतो! त्यामुळे "सर्च काही कामाचं नाही" असं आपण म्हणतो. सर्चच्या सेटिंगमध्ये जाऊन 'डी' ड्राइव्ह जोडला किंवा 'एनहान्स्ड' निवडलं, की अर्धी तक्रार मिटते.

२. 'एव्हरीथिंग' : व्हॉइडटूल्सचं हे छोटं सॉफ्टवेअर. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर विंडोज स्वतःच सगळ्या फाइल्सची एक मास्टर यादी ठेवत असते. 'एव्हरीथिंग' ती तयार यादीच वाचतं. शिवाय डिस्कवर काय बदललं याची वेगळी नोंद असते, आपल्याकडच्या फेरफार नोंदवहीसारखी. ती बघून ते स्वतःला अद्ययावत ठेवतं. दहा लाख फाइल्ससाठी त्याला साधारण ७५ एमबी रॅम लागते. मात्र हे मुख्यतः नावं शोधतं. आतला मजकूर शोधायला लावलात तर ते फार हळू चालतं. पेन ड्राइव्ह बहुधा वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, तिथे ही मास्टर यादी नसते. तो फोल्डर हाताने जोडावा लागतो.

३. लिनक्समधलं 'लोकेट' : याची यादी सहसा दिवसातून एकदा तयार होते. म्हणून तासाभरापूर्वी सेव्ह केलेली फाइल त्यात दिसेलच असं नाही. इथे दोष शोधाचा नाही, शिळ्या नोंदवहीचा आहे.

मराठी नावांची परीक्षा

हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. 'ॲप्लाइड मेकॅनिक्स' नावाची फाइल घ्या. यातलं पहिलं अक्षर 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आलं. त्याआधी ते 'अ' आणि चंद्र जोडून लिहायचे, आणि काही की-बोर्ड अजूनही तसंच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण कम्प्युटरच्या लेखी ती वेगळी नावं आहेत. एकाने मोबाईलवर नाव दिलं आणि दुसऱ्याने कम्प्युटरवर शोधलं, तर फाइल समोर असूनही 'काही सापडलं नाही' असं उत्तर येऊ शकतं. मराठी पाच आणि इंग्रजी पाच या आकड्यांचंही तेच.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधीचा बराच मराठी मजकूर अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे, की पडद्यावर 'क' दिसतो पण आत साठवलेला असतो भलताच कोड. असा मजकूर कोणताही लाँचर शोधू शकत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. मॅगझिनचे जुने अंक सांभाळणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग कोणता घ्यावा?

*जुनं मशीन, रॅम ४ जीबी* : स्टार्ट मेनू आणि 'एव्हरीथिंग' पुरेसं आहे. वेगळा लाँचर टाकून मशीनवर भार वाढवू नका.

*विंडोज १० किंवा ११, बरी रॅम* : मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये २०२० पासून 'रन' आणि २०२५ पासून 'कमांड पॅलेट' मिळतो. किंवा 'फ्लो लाँचर' घ्या. तो मुक्त स्रोत आहे आणि विंडोजचा इंडेक्स किंवा 'एव्हरीथिंग', हवी ती नोंदवही वापरू शकतो.

*लिनक्स* : केडीई असेल तर 'केरनर' आधीच आहे. उबुंटूवर सुपर बटण दाबून टाइप करा. आणखी हवं असेल तर 'यूलाँचर'.

रूममधल्या कॉमन कम्प्युटरवर मात्र जपून. 'एव्हरीथिंग'ची सर्व्हिस चालू असेल, तर दुसऱ्याच्या अकाउंटमधल्या फाइल्सची नावंही यादीत दिसतात. फाइल उघडणार नाही, पण नाव वाचलं जाईलच. लॅबमध्ये तर परवानगीशिवाय काहीही टाकू नका.

आणि सर्वांत मोठा धोका ऐका. बरेच लाँचर तुम्ही जास्त वेळा उघडलेली फाइल सर्वांत वर दाखवतात. म्हणजे वर आलेली फाइल सगळ्यात नवी असेलच असं नाही. आमच्या विंगमधल्या एका ग्रुपने दोन अक्षरं टाइप केली, एंटर मारला आणि प्रिंट काढली. बाइंडिंग झाल्यावर कळलं की तो आधीचा ड्राफ्ट होता, गाइडने सांगितलेल्या दुरुस्त्या त्यात नव्हत्याच. चार कॉप्यांचं बाइंडिंग पुन्हा करावं लागलं. म्हणून नावाच्या सुरुवातीलाच वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख टाका, म्हणजे यादीत कोणती नवी ते डोळ्यांना दिसेल. 'फायनल' हा शब्द तर नावातून कायमचा काढून टाका!

थोडक्यात काय, तर निवड करण्याआधी तीन फाइल्स शोधून बघा : एक 'डी' ड्राइव्हमधली, एक आत्ताच सेव्ह केलेली आणि एक मराठी नावाची. तिन्ही सापडल्या तर तो लाँचर तुमचा. नाही सापडल्या, तर कितीही देखणा असो, अनइन्स्टॉल करा. आणि हे सगळं सबमिशनच्या आदल्या रात्री नको, आजच करा. ऑल द बेस्ट!