मेडिकल दुकान : भाड्याच्या सर्टिफिकेटवर धंदा उभा राहत नाही

पिंपरीचे औषधांशी नाते जुने आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली येथेच स्थापन झाला आणि देशी पेनिसिलिन येथून बाजारात जाऊ लागले. आज चिंचवड, भोसरी, मोशीपासून चाकण, म्हाळुंगे, निघोजेपर्यंत कामगारांच्या वस्त्या पसरल्या आहेत आणि जवळपास प्रत्येक चौकात औषधांचे दुकान दिसते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे किराणा, कापड किंवा वर्कशॉपमधून साठवलेली पुंजी आता या धंद्यात घालू पाहतात. धंदा चांगला आहे, बारमाही आहे. पण पुंजी इतकीच कायद्याची जाण लागणारा हा धंदा आहे. म्हणून या वेळी त्याचा धडा.

परवाने कोणते?

औषध विक्रीचा मूळ कायदा औषधे व सौंदर्य प्रसाधने कायदा, १९४० हा केंद्राचा आहे. त्याखालील नियम १९४५ चे आहेत. अंमलबजावणी मात्र राज्याची, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाची. किरकोळ दुकानाला नमुना २० आणि २१ असे दोन परवाने लागतात, घाऊक विक्रीला २० ब आणि २१ ब. किरकोळ किंवा घाऊक यांपैकी एकाच धंद्याला किमान १० चौरस मीटर जागा हवी, दोन्ही एकत्र करायचे तर १५.

खरा फरक माणसाचा आहे. किरकोळ दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच औषध द्यावे लागते. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध दुसऱ्या कोणी देणे हा गुन्हा आहे. घाऊक धंद्यात एवढी अट नाही. तेथे फार्मासिस्ट चालतो, तसाच औषध व्यवसायातील चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक पास माणूस किंवा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधरही चालतो. ज्याने दुसऱ्याच्या दुकानात वर्षानुवर्षे माल मोजला आहे, त्याच्यासाठी ही वाट उघडी आहे. अनुभवाचा दाखला तेवढा पक्का हवा.

पूर्वी परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. ऑक्टोबर २०१७ च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरण गेले. पाच वर्षे संपण्यापूर्वी फी भरली की परवाना चालू राहतो. उशीर झाला तर दरमहा २ टक्के विलंब शुल्क, आणि सहा महिन्यांतही फी भरली नाही तर परवाना रद्द समजला जातो. कोणी नोटीस देईल याची वाट पाहू नये.

भावाभावांच्या दुकानांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भागीदार बदलला, तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो. त्या मुदतीत नवा काढावा लागतो. वडिलांच्या पश्चात वाटणी करताना दुकान, माल आणि उधारी यांचा हिशेब होतो. परवान्याची आठवण पुष्कळदा राहून जाते.

भाड्याच्या सर्टिफिकेटचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. पुंजी एकाची, सर्टिफिकेट दुसऱ्याचे आणि काउंटरवर तिसराच मुलगा, असा प्रकार सर्रास चालतो. सर्टिफिकेटवाल्याला महिन्याचे भाडे दिले की काम झाले, असे मालक समजतो. हा हिशेब कागदावर मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

समजा, महिन्याची विक्री ३ लाख रुपये. त्यातली निम्मी औषधे सरकारी किंमत नियंत्रणातली. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात दुकानदाराचा नफा खरेदी किमतीवर १६ टक्के धरला आहे. म्हणजे विक्री किमतीवर तो १४ टक्क्यांहून थोडा कमी पडतो. दीड लाखावर सुमारे २०,७०० रुपये. उरलेल्या दीड लाखावर बाजाराच्या रिवाजाप्रमाणे २० टक्के, म्हणजे ३०,०००. एकूण ५०,७००. यातून दुकानभाडे १२,०००, वीज-फोन ३,०००, मदतनीस ८,००० वजा करा. राहिले २७,७००. पगारी फार्मासिस्टला १८,००० दिले तर हातात ९,७००. सर्टिफिकेटला नुसते ४,००० भाडे दिले तर २३,७००. फरक १४,००० रुपयांचा, आणि मोह तेवढ्याचाच.

आता दुसरी बाजू. तपासणीत फार्मासिस्ट गैरहजर सापडला, तर नियम ६६ खाली कारणे दाखवा नोटीस येते आणि परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. १५ दिवसांचे निलंबन झाले तरी २५,००० रुपयांचा नफा बुडाला, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची बचत गेली. दुकानभाडे चालूच राहते आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाकडे वळते. परवाना रद्द झाला तर भरलेला माल अंगावर पडतो. त्यानंतरही विक्री केली तर ती विनापरवाना ठरते. त्याला कमीत कमी तीन वर्षे कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. सर्टिफिकेट देणाऱ्यावरही राज्य फार्मसी कौन्सिल कारवाई करून त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते.

हे कागदावरचेच कायदे आहेत असे मानणाऱ्यांनी २०१२-१३ ची महाराष्ट्रातील मोहीम आठवावी. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्टच्या हजेरीवरून राज्यभर कारवाई झाली आणि केमिस्ट संघटनांशी मोठा संघर्ष झाला. अधिकारी बदलतात, पण कलम तेच राहते. कारवाई अन्यायाची वाटली तर तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येते. मात्र अपिलाला कागद लागतात, तक्रारी नव्हे.

मग उपाय काय? वरच्या हिशेबातच तो आहे. दुकानदार स्वतः किंवा घरातील मुलगा-मुलगी फार्मासिस्ट असेल तर ते १८,००० घरातच राहतात आणि २७,७०० हातात पडतात. बारावी विज्ञाननंतर डी. फार्मसीचा अभ्यास दोन वर्षांचा, वर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. २०२२ च्या नियमांनी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षाही आणली आहे, तेव्हा केवळ प्रवेश घेऊन भागणार नाही. घरात कोणी नसेल तर प्रामाणिक फार्मासिस्टला लेखी करार करून भागीदार करावे. नफ्यात वाटा असलेला माणूस दुकानात हजर राहतो.

बिल हीच ढाल

गुन्हा औषध बनवणाऱ्याचा आणि हातकडी विकणाऱ्याला, ही भीती दुकानदाराला असते. कायद्याच्या कलम १९(३) मध्ये त्यावर संरक्षण आहे. माल परवानाधारक उत्पादक किंवा वितरकाकडून घेतला, योग्य काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता आणि माल नीट साठवून जसाच्या तसा विकला, एवढे सिद्ध केले तर विक्रेता सुटतो. सिद्ध कशाने करणार? खरेदीच्या बिलाने, ज्यावर बॅच नंबर आहे. स्वस्तात मिळतो म्हणून बिनबिलाचा माल घेणारा स्वतःची ढाल स्वतःच विकतो.

१ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. त्यात सुरुवातीला ४६ औषधे होती, त्यांत कडक अँटिबायोटिक्स आणि क्षयरोगाची औषधे येतात. त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते: डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या. वही तीन वर्षे जपावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. काही जीवरक्षक औषधे पूर्ण करमुक्त झाली. जुन्या छापील किमतीच्या नावाखाली जुना दर लावणे योग्य नाही.

किराणा दुकानदारांसाठी

खेड्यातल्या किराणा दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या चालतात, असे सर्वजण मानतात. अनुसूची के मध्ये काही घरगुती औषधांना सूट आहे खरी, पण ती लोकसंख्या एक हजारापेक्षा जास्त नसलेल्या गावापुरती. मालही मूळ बंद पॅकिंगमध्ये हवा. चाकणला २०१५ मध्ये नगरपरिषद झाली. आसपासची गावेही कारखान्यांमुळे फुगली. म्हणून या पट्ट्यातील दुकानदारांनी त्या सवलतीवर विसंबू नये. कामगाराला पत्ता कापून दोन गोळ्या देणे माणुसकीचे वाटते, परंतु परवान्याविना तो गुन्हा आहे. युनानी आणि आयुर्वेदिक औषधांच्या विक्रीला या कायद्याखाली विक्री परवाना लागत नाही. ती बनवायला मात्र लागतो.

सरकारी योजना आणि आपला गल्ला

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. १ जुलै २०२४ पासून तिची व्याप्ती वाढली: सर्व शिधापत्रिकाधारक आणि वर्षाला पाच लाखांचे संरक्षण. यातले उपचार रोकडविरहित, म्हणून औषध रुग्णालयच पुरवते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला विमेदार कामगार राज्य विमा योजनेतून औषध घेतो. चिंचवडला मोहननगरमध्ये तिचे रुग्णालय आहे. थोडक्यात, रुग्णालयाच्या दारात दुकान काढले म्हणजे चिठ्ठी आपल्याकडे येईल, हे गणित आता जपून मांडावे. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या रोजच्या औषधांचे वस्तीतले गिऱ्हाईक जास्त भरवशाचे. जनऔषधी केंद्र हाही मार्ग आहे. तेथे विक्रीवर २० टक्के नफा मिळतो, मात्र फार्मासिस्टची अट तीच.

नव्या घाऊक व्यापाऱ्याला स्टॉकिस्ट होण्यासाठी संघटनेच्या ‘नाहरकत’ची अट सांगितली जाते. स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये गोव्याच्या आणि २०१३ मध्ये अखिल भारतीय केमिस्ट संघटनेच्या प्रकरणात ही अट स्पर्धेविरुद्ध ठरवून दंड केला आहे. संघटनेत जरूर जावे, पण हक्काची परवानगी विकत घेऊ नये.

दुकान काढण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. काउंटरवर फार्मासिस्ट कोण बसणार? प्रत्येक मालाचे बिल मिळणार का? परवान्याच्या फीची तारीख कोण सांभाळणार? शेजारी सरकारी योजनेचे रुग्णालय असेल तर आपले गिऱ्हाईक कोण? चारही उत्तरे मिळाली तरच जागेची पागडी द्यावी. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेला पैसा दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर टांगून ठेवू नये.