तांबडी, काळी आणि पांढरी

'माती' हा शब्द आपण बहुधा तुच्छतेने उच्चारतो. कष्टाची माती झाली, आयुष्याची माती केली, असे सहज बोलून जातो. खेड्यातला माणूस मात्र मातीला इतकी स्वस्त समजत नाही. त्याच्या लेखी गावच्या जमिनीचे दोन भाग असतात : पिकते ती 'काळी' आणि वसते ती 'पांढरी'. या दोहोंत घाटमाथ्यावरची 'तांबडी' मिळविली, म्हणजे सातारा-सांगलीच्या भूमीत मृदाशास्त्राचा एक अखंड धडाच आपल्यासमोर उभा राहतो.

या तिन्ही मातींचे मूळ एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन जो काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट तयार झाला, त्यावर सह्याद्रीही उभा आहे आणि कृष्णाकाठही. मग महाबळेश्वरची माती तांबडी आणि मिरजेची काळी का? रशियन शास्त्रज्ञ वासिली डोकुचाएव यांनी १८८३ साली आपल्या देशातील काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला. माती म्हणजे केवळ खडकाचा चुरा नव्हे, हा विचार तेथून रुजला. खडक, हवामान, जीवसृष्टी, भूमीचा उतार आणि काळ या पाचांचे माती हे अपत्य होय. आपल्या भागात या पाचांतील पाण्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एवढ्या पाण्याने खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन जातात. मागे उरतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडे. हाच आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. साताऱ्याजवळचे कासचे पठार अशाच जांभ्याचे आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर ते जागतिक वारसा ठरले. तेथील मातीचा थर अत्यंत पातळ आणि नत्राने दरिद्री. म्हणूनच दवबिंदू, सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती कीटक पकडून आपली भूक भागवितात. ही माती गरीब आहे, पण आजारी नाही. पडलेल्या पाण्याला दरीची वाट मोकळी आहे.

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला भेटून सांगलीकडे येते, तेव्हा पाऊस सुमारे दहाव्या हिश्श्यावर आलेला असतो. येथे खडकातील द्रव्ये धुऊन जात नाहीत, सखल भागात साचतात. त्यातून मॉन्टमोरिलोनाइट ही चिकणमाती तयार होते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. ओल धरून ठेवणे हा या काळीचा मोठा गुण; पण पाणी लवकर सोडत नाही, हाच तिचा दोषही. जिरायतीच्या काळात हा दोष लपून राहिला. उपसा सिंचन आले, ऊस आला, आणि तो उघडा पडला.

काळीला पाटाने भरमसाट पाणी दिले, की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून पृष्ठभागापर्यंत चढते. ऊन पाणी घेऊन जाते, क्षार मागे ठेवते. सुमेरियातील कालव्यांवरील शेतीही प्राचीन काळी अशाच क्षारांनी पोखरली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आज वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत फिरताना उसाच्या मधोमध पांढरट, ओसाड तुकडे दिसतात, ते याच रोगाचे.

आमच्या रानातही असा एक तुकडा आहे. आजोबा म्हणत, "रानाला पाणी पाजायचं असतं, बुडवायचं नसतं." पण वीज रात्री येई. मोटर चालू करून आम्ही झोपत असू, आणि पाणी रात्रभर वाहत असे. दोष दुसऱ्या कोणाला द्यावा? ज्या तुकड्याच्या उसावर घरातला लग्नखर्च निघाला, त्यात आज गवतही धड उगवत नाही.

येथे शास्त्र उपयोगी पडते. अशा जमिनीचे मुख्य प्रकार दोन आहेत. ज्या मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, पण सामू ८.५ पेक्षा कमी, ती खारवट. जिचा सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक, ती चोपण. खारवट जमिनीला चर काढून गोड्या पाण्याने धुणे पुरते. चोपण जमिनीत सोडियमने मातीचे कण विस्कटलेले असतात. तेथे आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवावा लागतो. म्हणून परीक्षण केल्यावाचून उपाय करणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. जमिनीखाली सुमारे मीटरभर खोल सच्छिद्र नळ्या पुरून पाण्याचा निचरा करण्याची पद्धत आता या भागात परिचित झाली आहे.

आता पांढरी. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, चुना आणि कोसळलेल्या भिंती यांतून गावठाणाची माती बनली. जुन्या पांढरीची माती शेतकरी खत म्हणून रानात टाकीत. पुणे जिल्ह्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, तेही अशाच एका जुन्या वस्तीच्या थरांतले. आजची नवी पांढरी मात्र वेगळी आहे. शहरालगतच्या काळीवर मुरूम दाबून, सिमेंट ओतून ती तयार होते. तिच्यात पाणी मुरत नाही. वरून पाणी साचते आणि खालची काळी फुगून घरांच्या भिंतींना तडे देते.

हे कोणालाही पडताळून पाहता येईल. तळ काढलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा रोवावा, त्यात तांब्याभर पाणी ओतावे आणि घड्याळ पाहावे. महाविद्यालयाच्या आवारातील झाडाखाली माझे पाणी पाहता पाहता मुरले. सायकली आणि दुचाक्या उभ्या राहतात तेथे, तास संपला तरी ते तसेच होते. एकाच आवारातली माती, पण एकीचा श्वास चालू आणि दुसरीचा कोंडलेला!

म्हणजे काळीची पांढरी दोन्हीकडून होत आहे. शेतात क्षाराने आणि शहरात सिमेंटने. कारण एकच : पाण्याची वाट बंद झाली. शेतातील निचऱ्याच्या नळ्यांचे तोंडही शेवटी ओढ्यातच उघडावे लागते. ओढा बुजलेला असेल, तर एकट्या शेतकऱ्याने कितीही नळ्या पुरल्या तरी व्यर्थ. आणि तोच ओढा पुढे वस्तीतून जातो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी सांगलीने महापूर पाहिला. नदीच्या पुराची कारणे मोठी आहेत. तरीही गल्लीत तुंबलेले पाणी ओसरायला ओढा मोकळाच लागतो.

तेव्हा मातीचा प्रश्न एकट्या कुणब्याचा नाही. मित्रहो, आपल्या गावचा ओढा कोठून निघतो आणि कोठे अडतो, एवढे जरी या सुट्टीत प्रत्येकाने चालून पाहिले, तरी मृदाशास्त्राचा पहिला धडा गिरविला असे होईल. आमच्या रानाचा ओढा मी पाहून आलो. तीन बांधांपलीकडे तो बुजला आहे. त्या तिन्ही घरी यंदा आम्हाला जावे लागणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला