दोन्ही खुबे एकदम? मग आत्याचं ऐक

बाळू, काल फोनवर तू विचारलंस, "आत्या, काय काय तयारी करू?" आणि मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर सांगितलेलं तू विसरशील, आणि हे विसरून चालणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी संधिवाताने झिजलेले माझे दोन्ही खुबे एकाच दिवशी बदलले. तुझं कारण निराळं. स्टेरॉइड घेतल्यावर खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटलं आणि हाड आतून मेलं. पण घरी आल्यावर तुझी-माझी गत एकच. ऑपरेशनची काळजी डॉक्टरांवर सोड. जॉन चार्नली नावाच्या सर्जनने इंग्लंडमध्ये १९६२ साली आजच्या पद्धतीचा खुबा बसवला, तेव्हापासून ही विद्या चांगली मुरली आहे. हृदय, फुप्फुसं तपासूनच तुझ्या डॉक्टरांनी तुला दोन्ही एकदम सांगितलंय. ऑपरेशननंतरचे दीड-दोन महिने मात्र तुझे, आणि त्यांची तयारी आजपासून.

एक खुबा बदललेले दहा जण तुला सल्ला देतील. त्यांचं ऐक, पण हे लक्षात ठेव, की त्यांना टेकायला एक धड पाय होता. आपल्याला नसतो.

हात म्हणजेच पाय

हातांच्या खुर्चीत बस, दोन्ही हात दाबून बूड वर उचल, हळूच खाली ये. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी मला उभं केलं तेव्हा पाय नुसते खाली लोंबत होते म्हण, मला उचललं माझ्या दंडांनी. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी हात कमावले नव्हते, त्यांना दोन माणसं लागत होती. वॉकर आत्ताच आण आणि घरात चालवून बघ. हात बाजूला सोडून ताठ उभा राहिलास की त्याची मूठ मनगटाशी यायला हवी.

मांडीला रजा

खुबा हा उखळीचा सांधा. नवा गोळा नव्या वाटीत बसवलेला असतो, पण भोवतालचं मांस सांधेपर्यंत तो निसटू शकतो. म्हणून मागच्या बाजूने छेद घेतला असेल तर तीन गोष्टी वर्ज्य: कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पावलं आत वळवणं. छेद पुढून असेल तर नियम बदलतात. तेव्हा "छेद कुठून घेणार आणि मला काय काय बंद?" हे डॉक्टरांना ऑपरेशनआधीच विचार आणि उत्तर लिहून घे. मांडी घालणं, उकिडवं बसणं पुढे कधी जमेल की नाही, तेही त्यांनाच विचार. पंगतीतल्या एखाद्या काकांचं मत घेऊ नकोस.

घरभर टेप फिरव

बसल्यावर खुबे गुडघ्यांच्या वर राहिले पाहिजेत. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोज आणि त्यात दोन-तीन इंच मिळव. खुर्ची, पलंग, कमोड, सगळं त्या उंचीचं हवं. पलंग बुटका असेल तर सुताराकडून पायांखाली खोबणीचे ठोकळे करून घे. नुसत्या विटा सरकतात. कमोडवर बसवायची उंच सीट मिळते, दोन्ही बाजूंना दांडे असलेली घे. तुमचा तो मऊ सोफा म्हणजे सापळा. माणूस आत रुततो आणि गुडघे छातीशी येतात. दोन महिने त्यावर पाहुण्यांनी बसावं.

न्हाणीघराचं दार मोज. माझा वॉकर दारापेक्षा दोन बोटं रुंद निघाला, आणि ते कळलं कधी, तर घरी आल्या दिवशी, घाईची लागलेली असताना! आडवं होऊन कसं शिरायचं ते आधी करून बघ. भिंतीत पक्का दांडा ठोकून घे. टॉवेलच्या नळीला धरलंस तर नळीसकट खाली येशील.

आंघोळीला रबरी बुडाची उंच खुर्ची ठेव, आणि बादलीही स्टुलावर. खाली ठेवलेल्या बादलीत तांब्या बुडवायला माणूस नकळत वाकतोच. पायपुसणी, सतरंज्या, पंख्याच्या वायरी उचल. उंबरठ्यावर रंगीत पट्टी चिकटव, रात्री दिसायला. तुमचे देव जमिनीवरच्या चौरंगावर आहेत ना? त्यांना टेबलावर ने. देव रागावत नाहीत.

उताणं झोपायला शीक

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक खुबा बदललेला माणूस डॉक्टरांनी सांगितल्यावर चांगल्या कुशीवर वळू शकतो. आपल्या दोन्ही कुशींवर टाके. मी आयुष्यभर डाव्या कुशीवर झोपलेली. पहिले काही दिवस छताकडे बघत पहाट व्हायची. तू आजपासूनच पायांमध्ये उशी घेऊन पाठीवर झोपायची सवय कर. दुखण्यापेक्षा जागरणाने माणूस जास्त चिडतो आणि ते बायकोवर निघतं.

चहा कसा नेणार?

दोन्ही हात वॉकरला. मग कप कोण धरणार? वॉकरच्या पुढच्या दांडीला मी जुन्या परकराची झोळी शिवली होती. फोन, चष्मा, गोळ्या, फिरकीच्या झाकणाची बाटली, सगळं त्यात. फोन वाजला म्हणून धावायचं नाही, फोन अंगावरच हवा. रोजचे डबे कमरेच्या उंचीवर आण, माळा आणि खालचा कप्पा विसर. खाली पडलेलं उचलायला लांब चिमटा घे, पायजमा चढवायला काठीला आकडा लाव. चपला मागे पट्टा असलेल्या. अंगठ्याच्या चपलेला पाय शोधत बसतो आणि तोल जातो.

रक्त, दात, पोट

दोन खुबे म्हणजे रक्तही जास्त जाणार. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आत्ताच कळायला हवं, म्हणजे भरून काढायला वेळ मिळतो. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाची चिखली, काही लपवू नकोस. तिथला जंतू रक्तातून नव्या सांध्यात जाऊन बसतो. आणि ती तंबाखूची पुडी. मला माहीत आहे. जखम भरायला ती आड येते, म्हणून आज सोड. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरच सांगतील.

दुखणं मारणाऱ्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं. भिजवलेल्या मनुका, कोमट पाणी आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल. हसू नकोस, चौथ्या दिवशी आत्याची आठवण येईल.

घरी येताना

फार बुटकी गाडी नको आणि चढावी लागेल अशी उंचही नको. पुढची सीट पूर्ण मागे सारायची, पाठ थोडी कलती, खाली घट्ट उशी, वर प्लास्टिकची पिशवी म्हणजे अंग सरकतं. आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. घरापर्यंत खड्डे किती आहेत ते तुला माहीतच आहे, निघण्याआधी दुखण्याची गोळी घे.

तुमचा दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. जिन्याचा नियम असा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पण आपले दोन्ही दुखरे! फिजिओथेरपिस्टला विचार, कुठला पाय जास्त भार धरतो. तो चांगला मान. एका हाती कठडा, दुसऱ्या हाती काठी, वॉकर मागून कुणीतरी आणेल. हॉस्पिटलच्या जिन्यावर हे करून दाखवल्याशिवाय घरी जायची घाई करू नकोस.

तेव्हा थांबायचं नाही

पडल्या पडल्या घोटे वर-खाली करत राहा, दर तासाला. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. तरी पोटरी सुजून दुखली, जखम लाल झाली, पाझरू लागली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. श्वास लागला, छातीत दुखलं, किंवा एकदम कळ येऊन पाय आखूड दिसू लागला, तर फोनवर बोलत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

कागद जप

मेडिक्लेममध्ये सांधा बदलायला बहुधा थांबण्याची मुदत असते, पॉलिसी आधी वाच. आणि बसवलेल्या भागांचे स्टिकर मागून घे. त्यावर कंपनी, माप, बॅचचा आकडा असतो. दोन खुबे म्हणजे दोन संच. २०१० साली एका कंपनीने धातूवर धातू घासणारे खुबे जगभरातून परत मागवले. अशा वेळी आपल्या अंगात काय बसवलंय हे सांगायला हाच कागद कामी येतो.

शेवटी रंगीत तालीम

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी एक अख्खा दिवस असा काढ, की जणू ते होऊन गेलंय. वाकायचं नाही, मांडी नाही, हातात वॉकर. ऊठ, तोंड धू, आंघोळ कर, जेव, दाराची कडी काढ. जिथे अडशील ते कागदावर लिही. माझ्या कागदावर अकरा गोष्टी निघाल्या होत्या, आणि न्हाणीघराचं दार त्यात नव्हतं, कारण त्या दिवशी वॉकरच घरात आलेला नव्हता.

तुझा वॉकर शुक्रवारपर्यंत आणून ठेव. शनिवारी मी येते, टेप घेऊन.