मुलांनी घडविलेली विमाने

१९३९ च्या सप्टेंबर महिन्याची सहा तारीख होती. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याला अवघे तीन दिवस झाले होते. सकाळच्या प्रहरी शत्रूची विमाने येत असल्याची सूचना मिळाली आणि लंडनच्या परिसरातील तळांवरून ब्रिटिश लढाऊ विमाने आकाशात झेपावली. त्यांतील काही हरिकेन जातीची होती, काही स्पिटफायर जातीची. सूचना चुकीची होती. शत्रू तेथे नव्हताच. तरीही दूरवर दिसणारी हरिकेन विमाने स्पिटफायरच्या वैमानिकांना जर्मनांची वाटली. क्षणार्धात गोळ्या सुटल्या. दोन हरिकेन विमाने कोसळली आणि माँटेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक आपल्याच देशबांधवांच्या गोळ्यांनी प्राणास मुकला.

या दुर्घटनेची कारणे अनेक होती. परंतु त्यांतील एक अगदी साधे होते. आपले विमान कोणते आणि परके कोणते, हे पाहताक्षणी ओळखणारी नजर अजून तयार झालेली नव्हती.

अशी नजर तयार होणे सोपे नव्हते. हरिकेन, स्पिटफायर आणि जर्मनांचे मेसरश्मिट १०९ ही तिन्ही विमाने एका इंजिनाची, एका वैमानिकाची आणि धडाच्या खालच्या अंगास पंख असलेली. जवळून पाहिली तर त्यांच्यातील भेद स्पष्ट दिसे. स्पिटफायरचे पंख लंबवर्तुळाकार असून टोकाशी नाजूकपणे निमुळते होत. हरिकेनचे पंख जाड आणि पाठ किंचित कुबडासारखी उंचावलेली. त्या काळातील मेसरश्मिटच्या पंखांची टोके मात्र कातरल्यासारखी सरळ असत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हरिकेनचे पंख ४० फूट, स्पिटफायरचे ३६ फूट १० इंच, तर मेसरश्मिटचे ३२ फूट ४ इंच भरत. परंतु वेगाने जाणारे विमान जेव्हा आकाशात एखाद्या पाखराएवढे दिसते, तेव्हा हे सारे भेद पुसट होतात. अशा वेळी तोफेजवळ उभ्या असलेल्या सैनिकास निर्णय घेण्यास काही क्षणच मिळत. शत्रूला मित्र समजले तर स्वतःचा नाश आणि मित्राला शत्रू समजले तर त्याचा!

विमानांवर प्रत्येक देशाची खूण रंगविलेली असे, हे खरे. पण दुरून तिचा उपयोग थोडाच होई. कित्येकदा तर ती खूणच घातक ठरे. जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. म्हणून अमेरिकेने १९४२ च्या मे महिन्यात आपल्या विमानांवरील पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यातील तांबडा ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरील वर्तुळातूनही तांबडा रंग नाहीसा झाला. रंग फसवितो; परंतु आकार सहसा फसवीत नाही. म्हणून सैनिकांना विमानांचे आकारच ओळखावयास शिकविणे अगत्याचे ठरले.

पुस्तकातील चित्र विमानाची एकच बाजू दाखविते. खरे विमान मात्र कधी समोरून येते, कधी डोक्यावरून जाते, तर कधी वळताना एक पंख खाली झुकविते. हे सर्व दाखवावयाचे तर हातात धरून फिरविता येईल अशी प्रतिकृतीच हवी होती, आणि तीही हजारोंच्या संख्येने. कारखाने तर खरी विमाने बांधण्यात गुंतलेले! मग हे काम करावे कोणी?

१९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्याने देशातील शाळांना हाक दिली. पन्नास जातींच्या विमानांच्या प्रत्येकी दहा हजार, म्हणजे एकूण ५ लाख प्रतिकृती विद्यार्थ्यांनी करून द्याव्यात, अशी ती मागणी होती. सरकारच्या शिक्षण खात्यामार्फत शाळांना विमानांचे नकाशे पुरविण्यात आले. प्रमाण ठरले ते बहात्तरास एक. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. या हिशेबाने छत्तीस फुटांहून अधिक विस्ताराचे स्पिटफायर सहा इंचांहून किंचित अधिक भरे.

शाळांतील सुतारकामाचे वर्ग या कामाने गजबजून गेले. मुले मऊ लाकडाच्या ठोकळ्यावर आकृती आखीत, करवतीने तो कापीत आणि चाकूने व काचकागदाने त्याला हळूहळू विमानाचे रूप देत. जाड पुठ्ठ्याचे साचे कापून ते धडावर आणि पंखांवर ठिकठिकाणी लावून पाहत. साचा आणि लाकूड यांमध्ये फट दिसली की पुन्हा घासणे आले. मापात चुकलेली प्रतिकृती स्वीकारली जात नसे. यात हट्ट नव्हता. पंखाचे टोक थोडे अधिक गोल झाले तर ती प्रतिकृती सैनिकाला खोटी ओळख शिकवील, हे त्यामागील कारण होते. उत्तम काम करणाऱ्या मुलांना प्रशस्तिपत्रे मिळत.

तयार झालेल्या प्रतिकृतीला शेवटी काळा रंग देत. एखाद्या मुलास याची खंत वाटली असेल. पण उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर दूरचे विमान काळ्या आकृतीसारखेच दिसते. प्रतिकृती छत्तीस फुटांवर टांगली, की जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसे. त्यामुळे खोलीत बसूनच सैनिकांना आकाशाचा अभ्यास करता येई.

प्रारंभी सैनिकांना पंख, इंजिन, धड आणि शेपूट असे एकेक अवयव तपासावयास शिकवीत. परंतु एवढा वेळ रणांगणावर मिळत नसे. ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांनी निराळी रीत सुचविली. पडद्यावर विमानाचे चित्र क्षणभर चमकावयाचे आणि सबंध आकारावरून ते ओळखावयाचे. आई आपल्या मुलास दुरून ओळखते ती नाकडोळे तपासून नव्हे, तर त्याच्या चालण्यावरून. तशीच ही ओळख होती.

तथापि नजरेलाही मर्यादा असतात. १९४३ च्या जुलै महिन्यात, सिसिली बेटावर रात्रीच्या वेळी छत्रीधारी सैनिक घेऊन जाणाऱ्या १४४ अमेरिकन विमानांवर त्यांच्याच पक्षाच्या तोफांनी मारा केला आणि २३ विमाने नष्ट झाली. काळोखात आकार दिसत नाही आणि भ्यालेल्या मनाला दिसले तरी उमगत नाही. या कटू अनुभवानंतर, जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरताना, दोस्त राष्ट्रांनी आपल्या विमानांच्या पंखांवर व धडावर काळे-पांढरे रुंद पट्टे रंगविले. शत्रूपासून लपण्यापेक्षा मित्राला ओळख पटणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

युद्ध संपले; पण लहान विमाने राहिली. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच ब्रिटनमध्ये १९३६ पासूनच निघू लागले होते. १९५० च्या दशकात एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने अवघ्या दोन शिलिंगांना स्पिटफायरचा संच विक्रीस काढला आणि हा छंद घरोघरी पोहोचला. बहात्तरास एक हे प्रमाण आजही प्रचलित आहे. आता मात्र या विमानांना काळा रंग देत नाहीत. स्पिटफायरच्या पाठीवरील मातकट आणि हिरवे पट्टे, पोटाकडील फिकट आकाशी छटा, हे सारे छंदप्रेमी बारकाईने रंगवितात. जमिनीवरून पाहणाऱ्यास आकाशात व आकाशातून पाहणाऱ्यास जमिनीत विमान मिसळून जावे, यासाठी ती रंगयोजना होती, हेही त्यांना मग उमगते.

शाळेतील त्या मुलांनी रणांगण पाहिले नाही. त्यांनी घासलेल्या लाकडाच्या तुकड्यामुळे कोणाचे प्राण वाचले, हे त्यांना कधी कळले नाही. परंतु साच्याशी तंतोतंत जुळेपर्यंत त्यांनी हात थांबविला नाही. कोठेतरी एखादा तोफची विमानाकडे पाहून, “थांबा, हे आपलेच आहे,” असे म्हणाला असेल, तर त्या शब्दांत त्या मुलांच्या श्रमांचाही वाटा होता.

स्वाध्याय

१. ६ सप्टेंबर १९३९ रोजी कोणती दुर्घटना घडली? ती का घडली?
२. प्रतिकृतींना काळा रंग का देत असत?
३. कारणे द्या : मापात चुकलेली प्रतिकृती स्वीकारली जात नसे.
४. चाळीस फूट विस्ताराच्या हरिकेनची बहात्तरास एक या प्रमाणातील प्रतिकृती किती इंचांची होईल?
५. ‘रंग फसवितो, परंतु आकार सहसा फसवीत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
६. पुढील शब्द वाक्यांत योजा : क्षणार्धात, अगत्याचे, तंतोतंत, प्राणास मुकणे.